लेपावरची वाफ

१

सोनं हातांनी चिकटत नाही, श्वासाने चिकटतं. हे मी नवशिक्या पोरींना वीस वर्षं सांगत आलेय आणि वीस वर्षं त्या माझ्या पाठीमागे हसतायत. हसू देत बापड्या.

काम तसं सोपं आहे. कातड्याच्या पानावर जिथे मोठं अक्षर यायचं असतं, तिथे पांढरी माती, माशाचा सरस आणि जरासा मध कालवून लेप द्यायचा. वाळला की बोटाला लागेल एवढा उंचवटा होतो. मग हवेत ओल असतानाचा सकाळचा पहिला तास धरायचा. वर्ख कापून तयार ठेवायचा, पानावर वाकायचं आणि तोंड उघडून पोटातून 'हाऽऽ' करत वाफ सोडायची. मधाला क्षणभर जाग येते. तेवढ्यात वर्ख टाकायचा, रेशमी फडक्याने दाबायचा आणि थोड्या वेळाने कुत्र्याच्या दाताने घोटायचा. लहान अक्षराला दोन श्वास, मोठ्याला चार. त्या वेळी पोथीघरात कुणी शिंकायचं नाही, दार उघडायचं नाही. वर्ख उडाला तर माझ्या तोंडून जे निघतं ते काही संन्यासिनीला शोभणारं नसतं.

आमचा मठ वेझर नदीच्या काठी, टेकडीवर. त्या हिवाळ्यात बिशपांची स्तोत्रांची पोथी आमच्याकडे होती. दीडशे स्तोत्रं, दीडशे सोनेरी अक्षरं. मजकूर आमच्या आडेलाने लिहिला होता, रंगीत चित्रं आणि बांधणी बिशपांकडेच व्हायची होती. आमच्याकडे लोक पोथ्या पाठवायचे ते सोन्यासाठी, म्हणजे माझ्यासाठी. हा माझा गर्व आहे आणि तो मी दर आठवड्याला कबूल करते.

मला हे काम म्हाताऱ्या ओडाने शिकवलं. तिचा एक नियम होता, एका पोथीत एकीचाच श्वास. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "दुसरीची वाफ किती ओली ते तुला कसं कळणार गं शहाणे?" एवढंच. मला पटलं, आणि मी तो नियम कधी मोडला नाही. एकदाच मोडला.

मेणबत्त्यांच्या सणाचा दिवस होता. फेब्रुवारीची थंडी. पोथीचं पहिलंच अक्षर, पानभर मोठं. वर्ख कापलेला, हवा अशी की वर्षातून चारदा मिळेल, आणि मला खोकल्याची उबळ. खोकत पानावर वाकणं म्हणजे सोनं खिडकीबाहेर उडवणं. धाकटी बहीण लिओबा माझ्यासाठी गरम पाणी घेऊन आली होती. तिलाच म्हटलं, "ये इकडे. वाक. हाऽऽ कर. थुंकी उडवलीस तर बघ."

तिने चार श्वास सोडले. वर्ख असा बसला की मी बघतच राहिले.

मग माझा खोकला बरा झाला आणि पुढची अक्षरं मी माझ्याच श्वासाने केली. ईस्टरनंतरच्या मंगळवारी मी एकसष्टाव्या अक्षरावर वाकले. अजून श्वास सोडलाही नव्हता. लेपावर वाफ होती. अंगठ्याच्या ठशाएवढी. बघता बघता ती आकसली, नाहीशी झाली, आणि पुन्हा आली.

दमट हवा, असं मी मनाशी म्हटलं आणि वर्ख टाकला. माझ्या श्वासाची गरजच पडली नाही.

२

लिओबा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. मी तिला पाठुंगळी मारून ही टेकडी चढले आणि मठाच्या दारात उभी राहिले. घेणार असाल तर दोघींना घ्या, म्हणाले. म्हणजे बहीण म्हणा की मुलगी म्हणा, जगात माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस.

आणि तिचा गळा! आम्ही दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहून स्तोत्रं गातो. प्रत्येक ओळीच्या मध्यावर सगळ्यांनी थांबायचं, श्वास घ्यायचा आणि उरलेली ओळ म्हणायची. सुरुवात करून द्यायची ती लिओबाने. तिच्या छातीत एवढा वारा होता की ती मध्यावर थांबायची ते केवळ नियम म्हणून, आम्हा म्हाताऱ्यांवर दया म्हणून.

त्या गुरुवारी तिचा श्वास ओळीच्या मध्याआधीच तुटला. एका स्तोत्रात तीनदा. समोरच्या ओळीतल्या सगळ्या माना वर झाल्या.

जेवणानंतर बागेत कांद्याच्या वाफ्यात आम्ही दोघी तण काढत होतो. मी म्हटलं, "काय गं, तिशी ओलांडली आणि लगेच म्हातारी झालीस?"

"तूच घेतलास माझा श्वास," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझ्या पानावर एवढा फुंकला, तो परत आलाच नाही बघ."

"फुंकायचं नसतं. वाफ सोडायची असते. किती वेळा सांगितलं."

"बरं बाई, सोडला." आणि ती हसली. हसताना मध्येच थांबली, छातीवर हात ठेवला आणि थोड्या वेळाने उरलेलं हसली.

मला हसू आलं नाही. पण मी काही भोळीभाबडी बाई नाही. वसंतात निम्म्या मठाला खोकला होतो. मी ऊटाताईंकडून, म्हणजे आमच्या दवाखोलीच्या ताईंकडून, तिच्यासाठी मध आणि ओव्याचा काढा मागून घेतला आणि विषय संपवला.

३

विषय संपला नाही. रोज सकाळी वाफ असायचीच. आधी एका पानावर, मग तीन, मग जितकी लेप दिलेली पानं उघडी होती तितक्यांवर. आणि ती ओल असती तर पानभर पसरली असती. ही अक्षराच्या आतच राहायची, लेपाच्या कडेला येऊन थांबायची.

मी पान उलटून पाहिलं. पाठ कोरडी. बाक कोरडं. मग मी पानं कापायची सुरी घेतली, पातं बाहीने लखलखीत पुसलं आणि लेपावर बोटभर अंतरावर आडवं धरलं.

पातं धुरकटलं. साफ झालं. पुन्हा धुरकटलं.

आमचं पोथीघर गायनाच्या दालनाच्या बरोबर वर आहे. हातात पोथी असली की मला दुपारच्या प्रार्थनेची सूट असते. खाली स्तोत्र सुरू झालं, फळ्यांमधून लिओबाचा आवाज वर आला. ती गात होती तोवर पातं धुरकट होत होतं. ती थांबली की साफ. पुन्हा गायला लागली की धुरकट. योगायोग, मी म्हटलं. दोन्ही चाली संथ, जुळतात कधीकधी. एवढ्यात खाली लिओबाला ठसका लागला, तीन धक्के देऊन, आणि माझ्या पात्यावर वाफेचे तीन तुटक डाग उमटले.

पान जपून बाकावर ठेवलं, एवढंच भान राहिलं.

शेजारच्या बाकावर आडेला लिहीत होती. कोरडी बाई. भूकंप झाला तरी आधी ओळ पुरी करील. तिने मान वर केली, पात्याकडे पाहिलं, लेपाकडे पाहिलं.

"दमट हवा आहे," ती म्हणाली.

"तुला दिसलं ना?"

"हवा दमट आहे, हेडविग."

दुसऱ्या दिवशी तिने आपलं बाक उचलून पलीकडच्या खिडकीशी नेलं. तिथे उजेड बरा पडतो म्हणे. त्या खिडकीसमोर अक्रोडाचं झाड आहे. तिथे दुपारीही अक्षर लागत नाही.

४

मी मोठ्या आईंकडे गेले. मठाच्या प्रमुखांना आम्ही सगळ्या मोठ्या आई म्हणतो. वाईट बाई नव्हती हो ती. उलट फार समजूतदार, आणि तिथेच माझी पंचाईत झाली.

सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "वय काय तुझं, हेडविग?"

"बेचाळीस."

"आणि डोळे?"

"तुमच्यापेक्षा बरे आहेत."

त्या हसल्या. "लिओबाला खोकला आहे. ऊटाला सांगते, तिला मांसाचं सार द्यायला. आणि तू जरा झोप काढ."

"ही पोथी थांबवा, आई. मी आजवर कधी काही मागितलं नाही तुमच्याकडे."

"किती अक्षरं राहिली?"

"साठ."

"सगळ्यांवर लेप दिलाय?"

दिला होता. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत मी उरलेल्या सगळ्यांवर एकदमच लेप देऊन ठेवते, म्हणजे नीट मुरतो. तो फार दिवस उघडा राहिला तर तडकतो, हे त्यांनाही ठाऊक होतं, मीच शिकवलं होतं.

"ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टच्या सणाला, बिशप येतायत," त्या म्हणाल्या. "आल्यावर त्यांना काय तडकलेली पानं दाखवू? बरं, तुला नसेल जमत तर दुसऱ्या कुणाला बसवते."

"नको!" मी ओरडलेच. "दुसरीचा श्वास नको त्याच्यावर."

"तेच तर. इतकी वर्षं तूच भांडत आलीस ना, की एका पोथीत एकीचाच श्वास? मग आता तूच पुरी कर. ही आज्ञा समज."

आज्ञा म्हटल्यावर आमच्याकडे पुढे बोलायचं नसतं. गुडघा टेकायचा आणि निघायचं. मी टेकला.

५

जिन्यावरून उतरताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी तिथेच थांबले. सोनं चढवलेल्या अक्षरांवर वाफ येत नव्हती. एकाही नाही. वाफ येत होती ती फक्त उघड्या लेपावर.

म्हणजे गळती होती, आणि सोन्याने ती बुजत होती. पिंपाला साठ भोकं पडली तर माणूस काय करतो? बसून रडत नाही, बुचं मारतो. इतकी साधी गोष्ट! मला इतकं हायसं वाटलं की मी जिन्यात मोठ्याने हसले आणि त्याबद्दल मला संध्याकाळी पाव मिळाला नाही.

मग मी कामाला जुंपून घेतलं. एरवी दिवसाला दोन अक्षरं करणारी मी, सहा करू लागले. सकाळची ओल सरली तर खोलीत ओली फडकी टांगायची. बोटांना घट्टे पडले, मान वळेना. आणि लिओबा सुधारली! खरंच सुधारली. चौथ्या दिवशी ओळी पुऱ्या म्हणू लागली. आठव्या दिवशी तिचा आवाज पूर्वीसारखा छताला लागला. बागेत माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, काढ्याने काम केलं गं." मी म्हटलं, "काढ्यानेच." माझा जीव भांड्यात पडला. त्या आठवड्याइतकी सुखी मी आयुष्यात कधी नव्हते.

रविवारी सकाळच्या प्रार्थनेला तिने स्तोत्र सुरू केलं. ओळ मध्यावर आली, आम्ही सगळ्या थांबलो. लिओबा थांबली नाही. नवशिक्या पोरी एकमेकींकडे बघून खुदखुदल्या. ती दुसरी ओळही तशीच म्हणत गेली. मग तिसरी. एकेक करून बाकीच्या गप्प झाल्या आणि ती एकटी गात राहिली, अख्खं स्तोत्र, शेवटच्या शब्दापर्यंत, कुठेही न तुटता. मी तिच्या शेजारीच उभी होते. तिची छाती हलत नव्हती. आवाज तेवढा येत होता.

मग तिने आमच्याकडे पाहिलं. "काय झालं? का थांबलात सगळ्या?"



६

ऊटाताईंनी तिला दवाखोलीत नेऊन निजवलं आणि वरच्या ओठावर कोंबडीचं पीस ठेवलं. आम्ही मेलेल्यांना ठेवतो तसं. पीस हललं नाही. लिओबा डोळे तिरके करून त्या पिसाकडे बघत होती. "गुदगुल्या होतात, ऊटाताई," असं ती म्हणाली तेव्हाही हललं नाही. मग उठून बसली आणि वाटाण्याचं कढण प्यायली, दोन वाट्या.

ऊटाताई बाहेर येऊन भिंतीला टेकल्या. "चाळीस वर्षं आजारी माणसं बघतेय मी," म्हणाल्या, "हे काय आहे ते मला विचारू नकोस."

मोठ्या आईंनी बघितलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. त्यांच्या मते ही कृपा होती. उपवासाने कुणी अन्नावाचून राहतं, तशी ही श्वासावाचून राहिली. बिशप आले की त्यांना दाखवू. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. आता बोला!

मी पोथीघरात पळत गेले. एकच अक्षर उरलं होतं. त्याचा लेप कडेला तडकला होता म्हणून दुरुस्तीसाठी मागे ठेवलेलं, गोल पोटाचं, साधंच. वाफ त्याच्यावर आता येत-जात नव्हती. भरून राहिली होती. लेपावर थेंब जमले होते.

एकशे एकोणपन्नास दारं मी माझ्या हातांनी लावली होती. आणि लिओबा आतल्या बाजूला राहिली होती.

पुढच्या दिवसांत तिचा आवाज बारीक होत गेला, मग नुसते ओठ हलू लागले, मग तेही थांबले. आम्ही मौनाच्या वेळी हातांनी बोलतो, पाव म्हणजे असं, पोथी म्हणजे असं, तशी ती माझ्याशी बोलू लागली. मी विचारलं, दुखतं का? नाही. थंडी वाजते? नाही. मग काय होतं? तिने दोन बोटं शेजारी शेजारी उभी केली. आम्ही सोबतीणीसाठी ती खूण करतो.

"कोण सोबत आहे? मी?"

नाही. तिने एक बोट दुसऱ्याच्या जवळ सरकवलं. अजून जवळ.

त्या दुपारी मी पानाला कान लावला. लांब कुठेतरी, विहिरीच्या तळाशी असावा तसा लिओबाचा आवाज गुणगुणत होता. आणि त्याच्या मागे आणखी कुणीतरी श्वास आत घेत होतं. फक्त आत. मी शंभरापर्यंत मोजलं, तोवर तो सोडला गेला नाही.

७

शेवटचं सोनं लावायचं तर लिओबा आतल्या त्या दुसऱ्या कुणासकट कोंडली जाणार. उघडं ठेवायचं तर मोठ्या आईंची आज्ञा, आणि तडा रोज वाढत होता. मी दिवस काढत राहिले. हवा कोरडी आहे, सरस जमला नाही, वर्ख जाड आहे. इतक्या थापा मी जन्मात मारल्या नव्हत्या.

पेंटेकॉस्टच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात बिशपांचे घोडे आले. मोठ्या आई पोथीघरात आल्या, सोबत आडेला, आणि ऊटाताईंच्या आधाराने लिओबा. बिशपांना भेटवायचं म्हणून तिला धुतलेला अंगरखा घातला होता. ती माझ्या बाकाशी येऊन उभी राहिली. तिने पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही हातांनी दार उघडल्याची खूण केली. उघड. पुन्हा पुन्हा तीच. उघड, उघड.

मी सुरी घेतली आणि गठ्ठ्यातलं पहिलं पान ओढलं. तिच्या चार श्वासांचं मोठं अक्षर. सोन्यात पातं घातलं, एक ओरखडा काढला, आणि मोठ्या आई किंचाळल्या. ऊटाताईंनी माझा एक हात धरला, मोठ्या आईंनी दुसरा. दोघी जुन्या शेतकऱ्यांच्या मुली, मला हलता येईना.

"आडेला," मोठ्या आई धापा टाकत म्हणाल्या, "तू पुरं कर."

"आडेला, नको गं," मी म्हणाले. "तू बघितलंयस. तुला ठाऊक आहे. पाया पडते तुझ्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्या आईंकडे. "आज्ञा आहे, हेडविग," ती म्हणाली, जवळजवळ माझी माफी मागितल्यासारखं, आणि वाकली. वाफ सोडायची तिला गरज नव्हती. लेप ओलाचिंब होता. वर्ख टाकला. तो पडल्या पडल्या मधोमध फुगला, आतून कुणी तळहात लावावा तसा, पाच बोटांसकट. मी बघितलं. आडेलानेही बघितलं. तिने डोळे मिटून घेतले आणि रेशमी फडक्याने दाबलं. दाबून धरलं. बराच वेळ.

मग घोटलं. सोनं सपाट झालं, आरशासारखं.

माझ्या शेजारी लिओबाने श्वास घेतला. लांब, खोल, पाण्यातून वर आलेलं माणूस घेतं तसा. तिचे खांदे वर गेले, गालांवर रंग आला.

"ताई," ती म्हणाली. मोठ्याने, स्वच्छ आवाजात. "किती सुंदर दिसतंय गं."

ऊटाताई रडायला लागल्या. मोठ्या आईंनी गुडघे टेकले. मी तिच्या छातीकडे बघत होते, तो श्वास बाहेर कधी येतो याची वाट बघत.

८

बिशपांनी पानं पेटीत घालून नेली. मला ओरखड्याबद्दल चाळीस दिवस कोरडा पाव आणि पाणी मिळालं, मग परत कामाला बसवलं. आडेलाने लिहिणं सोडलं, आता ती धुण्याकडे असते.

लिओबा बरी आहे. अगदी ठणठणीत. मला ताई म्हणते, आईची आठवण काढते, एकही चूक करत नाही. स्तोत्रात बरोबर मध्यावर थांबते, सगळ्यांबरोबर श्वास घेते. हिवाळ्यात त्या दालनात इतकी थंडी असते की गाताना प्रत्येकीच्या तोंडातून वाफ निघते. मी दोन हिवाळे तिच्या शेजारी उभी राहिले. तिच्या तोंडातून मला ती एकदाही दिसली नाही. कुणाला सांगू? सगळ्यांना तिच्याकडे बघून आनंद होतो.

या वर्षी बिशपांकडून पत्र आलं. पोथी बांधून झालीय, सगळे वाखाणतात. एकच तक्रार. शेवटच्या काही पानांतलं एक गोल पोटाचं सोनेरी अक्षर पोथी उघडली की थोड्या वेळाने धुरकटतं. बाहीने पुसलं तर जातं, पुन्हा येतं. तुमच्या सोनेरी कामाच्या ताईंना उपाय विचारावा.

मोठ्या आईंनी मला बोलावलं, बोरू हातात दिला. मला इतकं रडू आलं की ओळ दिसेना. ती आहे. अजून तिथे आहे. पान उघडलं की दाराशी येतेय. मी लिहिलं, पुसू नका. ते पान नेहमी उघडं ठेवा, रात्रंदिवस, उन्हाकडे तोंड करून, आणि जवळ कुणीतरी मोठ्याने गात जा.

मोठ्या आईंनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, प्रेमाने. "अगं, कातड्याची पानं उघडी ठेवली की गोळा होतात, वाकतात. तूच नाही का पोरींना शिकवत, पोथी कायम कड्या लावून, वर वजन ठेवून मिटून ठेवायची म्हणून?"

शिकवते. खरंच आहे ते. उघडी पोथी वर्षभरात वाया जाते. त्यांनी माझा कागद बाजूला केला आणि स्वतः दोन ओळी लिहिल्या. पोथी घट्ट मिटून, कड्या लावून, जड दगडाखाली ठेवावी. शक्यतो उघडू नये.

मग लिओबाला हाक मारली, लाख लावायला. तिने पत्राची घडी घातली, लाख वितळवून वर टाकली, मठाचा शिक्का दाबला. आमच्याकडे सगळ्या जणी लाखेवर फुंकर घालतात, लवकर गार व्हावी म्हणून. लिओबा हात मांडीवर ठेवून बसली, माझ्याकडे बघून हसली, आणि लाख आपोआप गार व्हायची वाट बघत राहिली.